गाडी ऑईल खाते? इंजिन खोलण्याआधी हे क्रमानं तपासा

सर्व्हिसिंग होऊन चार-पाच हजार किलोमीटर होतात न होतात तोच डिपस्टिकवर (ऑईल मोजायच्या पट्टीवर) ऑईल खालच्या खुणेला टेकतं. मग दोनच सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, "वरून टाकत राहा, चालतंय." दुसरा म्हणतो, "इंजिन कामाला आलंय, रिंग-पिस्टन करावं लागेल." दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं. माणसं आणि सामान भरून लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या एसयूव्हीच्या बाबतीत हे दोन्ही सल्ले महागात पडू शकतात. पहिल्यानं इंजिन जातं आणि दुसऱ्यानं चांगलं इंजिन विनाकारण खोललं जातं.

ऑईल इंजिनातून नाहीसं होतं ते तीनच मार्गांनी. ते बाहेर गळतं, सिलिंडरमध्ये जाऊन जळतं किंवा कूलंटमध्ये मिसळतं. सिलिंडरपर्यंत ते ब्रीदरमधून (इंजिनातला गॅस परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, नेणारी व्यवस्था), टर्बोतून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा), व्हॉल्व्हच्या सीलवरून किंवा पिस्टनच्या रिंगांवरून पोचतं. दुरुस्तीचा खर्च साधारण याच क्रमानं चढत जातो, म्हणून तपासणीही याच क्रमानं करायची. रिंगांवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, पण बहुतेक ठिकाणी तोच सगळ्यात आधी घेतला जातो.

आधी नीट मोजा

सपाट जागा, गरम इंजिन, आणि बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटांची उसंत, म्हणजे वरचं ऑईल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं. काही गाड्यांच्या पुस्तिकेत थंड इंजिनावर बघायला सांगितलेलं असतं, तिथे पुस्तिकेचं ऐका. महत्त्वाचं हे की प्रत्येक वेळी जागा, वेळ आणि पद्धत तीच हवी. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, बाहेर काढा आणि दोन्ही बाजू बघा. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली तर कमी असलेली खरी माना.

आता ऑईल बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. दर ५०० किमीला पातळी बघा. साधारण १,५०० किमी झाल्यावर मोजपात्रानं ऑईल टाकत पातळी पुन्हा वरच्या खुणेवर आणा. जितकं मावलं तितकं गेलं. "अर्धी पट्टी कमी झाली" हा हिशोब नाही, "१,५०० किमीला ६०० मिली" हा हिशोब आहे. बहुतेक गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं, तरी तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर हीच चाचणी अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंदवून करून घ्या. तिथे ड्रेन बोल्ट आणि फिल्टरवर खूण करतात आणि नंतरच्या दाव्याला तो कागदच उपयोगी पडतो.

डिझेल गाडीत मोजताना एक गोष्ट फसवते. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साचलेली काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. त्यामुळे इंजिन ऑईल खात असलं तरी पातळी हलत नाही, कधी तर वाढते. पट्टीला डिझेलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर ऑईल पातळ झालं आहे. ते बदला आणि मोजणी नव्यानं सुरू करा. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या फक्त छोट्या फेऱ्यांसाठी वापरल्या तर त्यांच्याही ऑईलमध्ये पेट्रोल उतरतं. मग एका लांबच्या प्रवासात ते उडून जातं आणि पातळी "अचानक" घसरलेली दिसते. म्हणून चाचणीच्या काळात छोट्या-मोठ्या अशा दोन्ही फेऱ्या झाल्या पाहिजेत.

किती म्हणजे जास्त? उत्पादकांच्या पुस्तिकांत १,००० किमीला अर्धा लिटर, कुठे कुठे जवळपास एक लिटरपर्यंतचा खप "चालण्यासारखा" म्हटलेला आढळतो. हे आकडे उदार आहेत असं माझं मत आहे, निरोगी इंजिनाला इतकं लागत नाही. पाच हजार किमीला एक लिटरपेक्षा कमी जात असेल तर वरून भरा आणि निवांत राहा. दीड-दोन हजार किमीला लिटर जात असेल तर खालच्या स्वस्त तपासण्या नक्की करा. हजार किमीला लिटर किंवा त्याहून जास्त जात असेल तर टाळाटाळ नको. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला मात्र रिंगा बसेपर्यंत थोडी सूट द्या.

गळती: पार्किंगमध्ये डाग नाही म्हणून विसंबू नका

ऑईलचा दाब इंजिन चालू असतानाच असतो. बऱ्याच गळत्या चालत्या गाडीतच होतात आणि उभी राहिली की थांबतात. त्यात खालचा प्लास्टिकचा पत्रा सगळं झेलून घेतो. दहा सेकंदांना एक थेंब हे प्रमाण क्षुल्लक वाटतं. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते मिनिटाला ०.३ मिली होतं. ताशी ५० किमीनं १,००० किमी जायला २० तास लागतात, म्हणजे तेवढ्यात ३६० मिली गेलं.

खालचा पत्रा काढा, इंजिन डिग्रीझरनं धुऊन कोरडं करा, एक-दोन दिवस गाडी चालवा आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. गळती नेहमी सगळ्यात वरच्या ओल्या जागेपासून सुरू झालेली असते. खाली दिसतं ते वाऱ्यानं पसरलेलं असतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑईल फिल्टरचं हाऊसिंग, ऑईल प्रेशर स्विच, टायमिंग कव्हर, क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, चेंबरचा जोड, ड्रेन बोल्टचा वॉशर हे सगळं बघा. तरी सापडत नसेल तर ऑईलमध्ये मिसळायचा यूव्ही डाय आणि निळा दिवा वापरा. क्रँकचं मागचं सील गळतंय असं ठरलं तर गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी वरचं टॅपेट कव्हर कोरडं आहे ना, ते स्वतः बघा. वरून ओघळलेलं ऑईल तिथेच येऊन थेंब धरतं.

याच वेळी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा, अर्थात इंजिन थंड असताना. आत तपकिरी साय दिसली तर ऑईल कूलर किंवा हेड गॅस्केट बघावं लागेल. तसं असेल तर त्या दुरुस्तीपर्यंत गाडी वापरू नका.

धूर कधी येतो ते बघा

धूर नाही म्हणजे ऑईल जळत नाही, ही समजूत सोडून द्या. हजार किमीला लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिली. ताशी ६० किमीला तो मिनिटाला एक मिली होतो. चार सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमवर मिनिटाला ४,००० वेळा पेटतं, म्हणजे ऑईलचा एक थेंब २०० स्फोटांत वाटला जातो. उरलासुरला धूर सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गिळतो. इतका खप असूनही मागे काहीच दिसत नाही, यात नवल नाही.

पण धूर दिसत असेल तर त्याची वेळ बरंच सांगून जाते. रात्रभर उभ्या गाडीनं सकाळी सुरू होताच निळ्या धुराचा एक लोट सोडला आणि मग साफ झाली, तर व्हॉल्व्ह सील. लांब उतारावर रेस सोडून आल्यावर पुन्हा रेस देताच धूर आला, तरी बहुधा तेच, कारण रेस सोडल्यावर इनटेकमध्ये ओढ जास्त असते आणि ऑईल सीलवरून खेचलं जातं. चढावर, ओझं असताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा किंवा टर्बो. बराच वेळ आयडलवर उभी राहून निघताना लोट येत असेल तर टर्बोकडे बोट जातं, व्हॉल्व्ह सीलचाही संशय उरतो. मागच्या गाडीत कुणाला तरी बसवून हे बघायला सांगा, आरशातून नीट कळत नाही.

ब्रीदर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

रिंगांवरून थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो. तो ब्रीदरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये ओढला जातो आणि वाटेत विभाजक ऑईलचे कण वेगळे करतो. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ऑईलची वाफही खेचली जाते. तो चोंदला तर चेंबरमध्ये दाब साठतो. मग चांगल्या सीलमधूनही ऑईल गळू लागतं आणि टर्बोचं परतीचं ऑईल खाली उतरत नाही. एका लहानशा भागामुळे गळती, टर्बो आणि रिंगा असे तिन्ही संशय एकदम उभे राहतात, म्हणून मोठं काही करण्याआधी तो निकालात काढा.

आयडलवर ऑईल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर जाडसर कागदाचा तुकडा ठेवा. पेट्रोल इंजिनात तो हलकाच चिकटला तर ठीक. झाकण ओढूनही निघत नसेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर ब्रीदरचा रबरी पडदा फाटला आहे. कागद उडत असेल, वाफ फसफसत बाहेर येत असेल, तर व्हॉल्व्ह चोंदला आहे किंवा रिंगांवरून जास्त गॅस येतोय. सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, आत खुळखुळ आवाज यायला हवा. पण खुळखुळला म्हणून चांगला असंही नाही, स्प्रिंग ढिली झालेली असू शकते. भाग स्वस्त असेल तर सरळ नवा टाका, नळ्या आतून साफ करा आणि पुन्हा १,५०० किमीची मोजणी करा. बऱ्याच नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, तिथे पूर्ण कव्हर बदलावं लागतं.

टर्बो

इंजिन थंड असताना टर्बोकडे जाणारा इनटेक पाइप सोडवा. आत ऑईलचा पातळ थर दिसणारच, तो ब्रीदरचा असतो. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तळाशी ऑईल साचलेलं असेल तर मात्र चिंता करा. पंख्याचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे मुळीच जाणवायला नको, आणि पातं कडेला घासल्याची खूण नको. टर्बो बदलायचं ठरलं तरी आधी ऑईल परतीची नळी उघडून बघा. ती काजळीनं अर्धी बुजलेली असेल तर नवा टर्बोही तसाच ओकेल.

प्लग, कॉम्प्रेशन आणि एक मोठा गैरसमज

पेट्रोल गाडीचे सगळे प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमानं कापडावर मांडा. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी आणि कोरडं असतं. ऑईल येत असेल तिथे काळा, ओलसर, चकाकता थर दिसतो. जुनं दुखणं असेल तर इलेक्ट्रोडवर राखाडी-पांढरी राख कवचासारखी धरलेली असते. ऑईल फक्त आट्यांवर आणि चिनी मातीच्या भागावर असेल, टोक मात्र स्वच्छ, तर ते वरून टॅपेट कव्हरच्या प्लग सीलमधून आलेलं आहे आणि काम किरकोळ आहे. एकच प्लग खराब म्हणजे त्या सिलिंडरपुरतं दुखणं. सगळे सारखेच काळे असतील तर ब्रीदर किंवा एकूण झीज. हलक्या वेगात काही सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा असलेल्या व्ही-६ आणि व्ही-८ इंजिनांत खराब प्लग नेमके त्याच सिलिंडरांचे आहेत का, हेही ताडून बघा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, इग्निशन आणि इंधन बंद, सगळे प्लग बाहेर, रेस पूर्ण दाबलेली. प्रत्येक सिलिंडरवर काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतो. सिलिंडरा-सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये ५ ते १० मिली इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, जेमतेम हलला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये ही ओली चाचणी करू नका, तिथली जागा इतकी लहान असते की ऑईलनंच आकडा फुगतो.

आता गैरसमज. कॉम्प्रेशन उत्तम आलं की "रिंगा चांगल्या आहेत" असं सांगून विषय संपवतात. पण पिस्टनवर बहुधा तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः दाब धरतात, तिसरी ऑईल खरवडून खाली पाठवते. ही तिसरी रिंग दोन पातळ पट्ट्या आणि मधला नागमोडी स्प्रिंग अशी बनलेली असते. तिच्या खोबणीत ऑईल परत जायची बारीक छिद्रं असतात. जळकं ऑईल त्या छिद्रांत आणि स्प्रिंगमध्ये थिजलं की रिंग खोबणीत जखडते आणि भिंतीवरचं ऑईल तसंच राहतं. वरच्या दोन रिंगा मात्र धडधाकट असतात, म्हणून कॉम्प्रेशनचा आकडा नव्या इंजिनासारखा येतो. मायलेजसाठी कमी ताणाच्या रिंगा वापरणाऱ्या आजच्या इंजिनांत हे वारंवार दिसतं. टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या आरएव्ही४ मध्येही ते होतं. कंपनीनं २०१५ च्या सुमारास वॉरंटी वाढवून, चाचणीत जास्त खप आढळलेल्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. तुमच्या इंजिनाबद्दल उत्पादकाचं असं काही पत्रक आहे का, ते पैसे खर्च करण्याआधी शोधा.

म्हणून कॉम्प्रेशनच्या जोडीला बोअरस्कोप हवाच. प्लगच्या भोकातून कॅमेरा आत सोडा. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे काजळी आणि कडेनं गोल, धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला, तर ऑईल रिंगांवरून वर येतंय. कडेला काजळी कोरडी, पण इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि दांड्यावर ओला जाड थर असेल तर सील. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी शाबूत असेल तर आशा आहे. उभे ओरखडे असतील तर खालचा रिंगा सोडवायचा उपाय करून वेळ घालवू नका.

औषध: हलक्यापासून सुरुवात

ब्रीदर आणि गळती झाल्यावर पुढची पायरी ऑईलची. पुस्तिकेत दिलेलं मानक आधी, ग्रेड नंतर. ऑईल गरम झाल्यावर किती उडून जातं ते नोॲक चाचणीत मोजतात. एपीआय एसपी या मानकाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, एसीईए सी३ या मानकाला १३ टक्क्यांची. तांत्रिक पत्रकात हा आकडा दहाच्या आसपास असलेलं ऑईल निवडलं तर थोडा फरक पडतो. पुस्तिका ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० ला परवानगी देत असेल तर एक पायरी जाड घ्या. परवानगी नसताना २०डब्ल्यू-५० ओतून धूर दाबणं हा उपाय नाही. व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा आणि टर्बो, दोघांनाही ते झेपत नाही. डीपीएफ असेल तर कमी राख सोडणारंच ऑईल हवं.

जखडलेल्या रिंगा सोडवायचा प्रयत्न इंजिन खोलण्याआधी जरूर करावा, पेट्रोल इंजिनात तरी. गाडी मोकळ्या हवेत घ्या, जवळपास ठिणगी किंवा आग नको. कोमट इंजिनाचे प्लग काढा. सरळ चार सिलिंडर असतील तर क्रँक अशी फिरवा की चारही पिस्टन मध्यावर येतील. प्रत्येकात पिस्टनसाठीचं कार्बन विरघळवणारं द्रव ३० ते ५० मिली घाला, झिरपलं की पुन्हा घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी उरलेलं द्रव सिरिंजनं पूर्ण काढून घ्या. मग इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, भोकांवर कापड टाकून स्टार्टर थोडा फिरवा. हे टाळून प्लग लावले आणि आत द्रव राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण द्रव दाबलं जात नाही. झिरपलेल्या द्रवानं चेंबरमधलं ऑईल पातळ झालेलं असतं, म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच ऑईल आणि फिल्टर बदला. पहिली काही मिनिटं भरपूर धूर येईल. पुढची दोन-तीन ऑईल बदली ४,०००-५,००० किमीवर करा, चांगलं स्वच्छ करणाऱ्या ऑईलनं. फरक पडायचा असेल तर याच काळात, हळूहळू पडतो.

व्हॉल्व्ह सील बऱ्याच इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात. पिस्टन वर आणून, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरतात, स्प्रिंग काढतात आणि सील बदलतात. मिस्त्रीला एकच सांगा, स्प्रिंग काढल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह गाइडमध्ये हलवून बघ. व्हॉल्व्ह डुगडुगत असेल तर गाइड झिजलं आहे आणि नवं सील फार टिकणार नाही. मग हेड उतरवणंच बरं.

हे सगळं करूनही हजार किमीला लिटर जात असेल, तर मात्र हाफ इंजिनचं काम (इंजिन खोलून पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर दुरुस्त करणं) टळत नाही. तिथे घाई नको. बोअरचं वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजमाप घेऊन ते लिहून मागा. आकडे मर्यादेत असतील तर होनिंग (सिलिंडरची भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात, नाहीतर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवी स्लीव्ह. ॲल्युमिनियमच्या, आतून लेप दिलेल्या सिलिंडरला नेहमीचं होनिंग चालत नाही, हे तुमच्या इंजिनाला लागू आहे का ते आधी विचारा. पिस्टनची ऑईलची छिद्रं साफ केल्याशिवाय त्याच पिस्टनवर नव्या रिंगा चढवू देऊ नका. हेड उतरलेलंच असतं, तर व्हॉल्व्ह सीलही याच वेळी बदलून घ्या.

तोवर गाडी चालवताना

दर दुसऱ्यांदा इंधन भरताना पट्टी बघा. पातळी अर्ध्यावर आली की २००-२५० मिली टाका, थोडं थांबा, पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जास्तीचं ऑईल ब्रीदरमधूनच इनटेकमध्ये जातं. डॅशबोर्डवरचा लाल ऑईल दिवा दाबाचा असतो. तो लागला तर पातळी आधीच फार खाली गेलेली असते किंवा पंपच दाब देत नाही. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणू नका, बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. आणि खप फार काळ तसाच ठेवू नका. ऑईलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो आणि राखेनं डीपीएफ भरतो. वरून ऑईल टाकत राहणं स्वस्त वाटतं तेव्हा हा खर्चही हिशोबात धरा.

इंजिनाचं काम झालं असेल तर पहिले १,००० किमी वेग आणि भार बदलता ठेवा, लांब आयडलिंग टाळा आणि मग ऑईल व फिल्टर बदला. रिंगा बसायला आणखी एक-दोन हजार किमी लागू शकतात. त्यानंतर ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरून, किलोमीटर लिहून, १,५०० किमीची तीच मोजणी पुन्हा करा आणि नवा आकडा दुरुस्तीच्या बिलावरच लिहून ठेवा.